पिवळ्या फुलांचा हा गालिचा गुंडाळा

गोव्यात सुशोभीकरणाची कृती आता ठरून गेली आहे. पेव्हर बसवा, चार दिवे लावा आणि उरलेल्या मातीत वेडेलिया खुपसा. रस्त्याच्या दुभाजकात, हॉटेलच्या उतारावर, किनाऱ्यालगतच्या कुंपणापाशी तोच हिरवा गालिचा आणि त्यावर सूर्यफुलाच्या पिल्लांसारखी पिवळी फुलं. खर्च कमी, मेहनत शून्य. माझं भांडण आहे ते या शून्य मेहनतीशीच.

शेवंती-झेंडूच्या कुळातली ही वेल मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली आणि कॅरिबियन बेटांवरची. शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. जगातल्या १०० अतिउपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत रानमोडी आणि घाणेरीबरोबर हिचंही नाव आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ती विकायलाच काय, फुकट द्यायलाही बंदी आहे. आपण मात्र पैसे मोजून लावतो!

हिचं बियांवाचून अडत नाही. जमिनीला टेकलेल्या पेरापेरातून मुळं फुटतात. छाटून फेकलेला तुकडा ओलीत पडला की तिथे नवी वेल. खारी हवा, वाळू, पाणथळ, सगळं तिला मानवतं. तिच्या दाट गादीखाली दुसरी रोपटी उजेडाअभावी मरतात.

‘परकी म्हणून वाईट? मग काजू, मिरची, झेंडू तरी कुठे आपले?’ असं कुणी विचारीलच. प्रश्न रास्त आहे. पण झेंडू आपण लावू तेवढाच राहतो, ही उपटली तरी जात नाही. पाहुणा परका असल्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यानं घरच्यांना हुसकावण्याबद्दल आहे.

आणि घरचे कोण? वाळू धरून ठेवणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल. ती ‘रान’ म्हणून खरवडायची आणि तिच्या जागी ही विकत आणायची, याला सौंदर्यदृष्टी म्हणायचं? चवथीला माटोळीसाठी घागऱ्या, कांगण्या शोधत आपण डोंगर पालथे घालतो आणि त्या मिळेनाशा झाल्या म्हणून हळहळतो. उतारावर हिची गादी अंथरल्यावर त्या उगवणार कुठे?

तेव्हा पंचायतींनी आणि हॉटेलवाल्यांनी ही लावणं आधी थांबवावं. असलेली मुळापेरांसकट उपटावी, आणि तो कचरा व्हाळात किंवा खाजनात टाकू नये. नाहीतर पुढच्या पावसात तिथेही ‘सुशोभीकरण’ झालेलं दिसेल, तेही निविदा न काढता.