सक्ती उठल्यावर काय?

कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या आणि देव राष्ट्राचा झेंडा खांद्यावर घेऊन परतला, यावर परदेशी विद्यापीठांत ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. मॉस्कोचंच बघा. १९३१ साली स्टालिनने तिथलं भलंमोठं कॅथीड्रल सुरुंग लावून उडवलं, पुढे त्या जागी पोहण्याचा तलाव झाला, आणि २००० साली तेच कॅथीड्रल पुन्हा उभं! तिथला धर्मगुरू किरील आता सांगतो की युद्धात मरणाऱ्या सैनिकाची पापं धुतली जातात. प्राध्यापकांना याचं कोडं पडतं. नागपूरकराला पडायला नको होतं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. २० नोव्हेंबरला बाबासाहेब काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडत होते. बुडापेस्टमधला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. शोषण संपवण्याच्या मार्क्सच्या ध्येयाशी त्यांचं भांडण नव्हतंच. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधातला त्यांचा सवाल रोखठोक आहे: सक्तीने आणलेली व्यवस्था सक्ती उठल्यावर कशाच्या आधाराने टिकणार?

आमच्या कॉम्रेडांनी हा सवाल ऐकूनच घेतला नाही. आणि हे कुठे? ज्या शहराने १९५७ साली कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन यांना आमदार केलं, त्या शहरात. गिरणीतले कामगार दीक्षा घेऊन आले, तर यांना त्यात वर्गलढ्यातली फाटाफूट दिसली. धर्म म्हणजे अफू, एवढं म्हणून मोकळे! एम्प्रेस मिल बुडाली, तिच्या जागी मॉल आला; तो दोष तुमच्या माथी मारत नाही. पण कामगाराच्या घरी लग्न, बारसं, मयत असायची तेव्हा तुमचा झेंडा कुठे होता? तुमची सभा बोनसच्या वेळी. संघ १९२५ साली इथेच सुरू झाला आणि त्याची शाखा रोज भरते. मग त्या कामगाराचा नातू रामनवमीच्या शोभायात्रेत नाचला, तर तुम्हाला आश्चर्य कशाचं वाटतं?

संघाच्या रेशीमबागेकडे बोट दाखवणं सोपं आहे, बाप्पा. एकाच विजयादशमीला तिकडे शस्त्रपूजन होतं आणि इकडे दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. धर्म दोन्हीकडे आहे, पण एकीकडे तो राष्ट्राच्या दिमतीला आहे आणि दुसरीकडे माणसाच्या. हा फरक ज्यांना सांगता आला असता, ते देवाधर्माचं नाव काढलं की नाक मुरडत बसले.

बाबासाहेबांचा तो निबंध महाराष्ट्र शासनाने १९८७ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंड ३ मध्ये छापला. दसऱ्याला दीक्षाभूमीबाहेर पुस्तकांच्या स्टॉलवर पुस्तिकेच्या रूपात मिळतो, अगदी स्वस्तात. कॉम्रेड, या वर्षी निषेधाचं पत्रक लिहिण्याआधी तेवढी खरेदी करा.