आधी जाहिरात, मग बातमी!

वाचकहो, फराळाचे ताट पुढ्यात असताना कडू बोलू नये म्हणतात. पण नरकचतुर्दशीला आपण कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावतोच ना? तसेच हे समजा.

मी मुलुंडचा बातमीदार होतो. पगारी नव्हे, छापून येईल तेवढ्या मजकुराचे पैसे. एका पावसाळ्यात नव्या इमारतीच्या भरावाने नाला बुजला आणि शेजारच्या चाळीत गुडघाभर पाणी शिरले. मी बातमी दिली. नवरात्र उलटले आणि कचेरीतून निरोप आला, "दिवाळी पुरवणीसाठी जाहिराती आणा. आणाल तर पुढे काम!" उपनगरात मोठी जाहिरात देणार कोण? तोच बिल्डर! गेलो. त्याने चहा पाजला, जाहिरात दिली आणि हसून म्हणाला, "आता जरा सांभाळून घ्या."

पुढच्या पावसाळ्यात चाळीत पुन्हा पाणी शिरले. माझ्या बातमीत पाऊस होता, बिल्डर नव्हता. मला कोणी साधे दटावलेही नव्हते!

११ जून २०११ रोजी पवईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांना भर दुपारी गोळ्या घालून मारले. २०१८ साली छोटा राजनला त्याबद्दल जन्मठेप झाली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ साली कायदाही केला. योग्यच झाले. पण चहाच्या कपाला कोणते कलम लावणार?

श्रमिक पत्रकारांच्या वेतनासाठी १९५५ साली कायदा झाला होता. मजिठिया मंडळाची वेतनश्रेणी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली उचलून धरली. कंत्राटी पत्रकारांनाही ती लागू आहे, असे २०१७ साली बजावले. माझ्यापर्यंत त्यातला छदामही पोचला नाही.

"पत्रकाराने बाणेदार असावे," असे सत्कारसमारंभात सांगतात. मतभेद झाले तेव्हा आगरकर १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. तो बाणा वंदनीयच! पण प्रत्येक बातमीदार आगरकर निघाला तरच चाळकऱ्यांना न्याय मिळणार असेल, तर ती व्यवस्थाच सडकी म्हटली पाहिजे.

जाहिरातीवाचून हा अंकही निघत नाही, हे मी जाणतो. जाहिराती जरूर घ्या. मात्र त्या आणायला वेगळा माणूस ठेवा. ज्याने नाल्याची बातमी लिहायची, त्याला बिल्डरच्या दारी झोळी घेऊन धाडू नका!

आणि वाचकहो, पुरवणीत आपल्याच गल्लीतल्या बिल्डरच्या शुभेच्छा दिसल्या, तर संपादकांना एवढेच विचारा: ही जाहिरात आणली कोणी?

शुभ दीपावली!