भीक नव्हे, देणे टाका!

4 एप्रिल 2025. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बाया ट्रॅक्टरमधून कामाला निघाल्या आणि नांदेडजवळच्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत गेला. सात जणींचा जीव गेला. मुख्यमंत्र्यांनी 5 लाख, पंतप्रधानांनी 2 लाख जाहीर केले. बरे केले. पण ती मदत सरकारची! मजुराच्या जिवापोटी मालक जे देणे लागतो ते सरकारी मदतीने फिटत नाही, आणि त्या देण्याबद्दल हिंगोली जिल्ह्यातले पुढारी, अधिकारी, गावचे कारभारी तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात, हा आमचा उघड आरोप आहे.

हे देणे ठरवणारा कायदा 1923 सालचा. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ट्रॅक्टर किंवा यंत्राने होणाऱ्या शेतीतला मजूर त्यात येतो. मालकाची चूक शाबीत करायची गरज नाही. मजूर गुत्तेदाराने आणला म्हणून मूळ मालक सुटत नाही. हिशेबच मांडू. बाईचे वय 30, महिन्याची मजुरी 9,000. तिची निम्मी 4,500, वयाचा गुणांक 207.98. मरणाची भरपाई झाली 9,35,910 रुपये! महिनाभरात दिली नाही तर वर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

आणि आपल्याकडे होते काय? नरसी नामदेवच्या शिवारात सोयाबीनची सुडी मोडायला हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लागतो. एका रात्रीत चार शेते उरकायची घाई. पट्ट्यावर जाळी नाही, उजेड एका बल्बचा. पेंढीबरोबर बाही ओढली जाते, मागोमाग कोपरापर्यंत हात. मग पारावर बैठक बसते. दवाखान्याचे बिल, वर वीस-पंचवीस हजार, कोऱ्या कागदावर अंगठा. ‘मिटवून घ्या, गावात राहायचंय.’ अरे, कोण मिटवणार? हक्क सोडून देणारा असा कागद कायद्याने रद्दबातल आहे! मळणीयंत्राच्या अपघातांसाठी 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा केला. तो कोणत्या कपाटात कुजतो आहे?

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, पण ती सातबारावाल्यासाठी आणि त्याच्या घरच्या एका माणसासाठी. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, तो हडंब्यापुढे उभा राहतो आणि तोच योजनेबाहेर! यापरता उफराटा न्याय आम्हाला माहीत नाही. ज्या नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईला महाराष्ट्राने संतांच्या पंगतीत बसवले, त्यांच्या नरसी या जन्मगावात राबणाऱ्या बाईचा हात वीस हजारांत विकला जातो आणि आम्ही दिंडीत टाळ कुटतो.

जिल्हाधिकाऱ्यांना आमचे रोखठोक सांगणे आहे. सुगीआधी प्रत्येक हडंबा तपासा, जाळी नसेल तर जप्त करा. भूमिहीन मजुराला अपघात योजनेत घेण्याचा प्रस्ताव मुंबईला पाठवा. पोलीस पाटलाने अपघाताची खबर दडवली तर त्याला घरी बसवा. आणि ज्या घरात हात किंवा जीव गेला आहे, तिथे माणूस पाठवून दावा लिहून घ्या, कारण दाव्याला मुदत दोनच वर्षांची आहे आणि पारावरचे कारभारी ती टळण्याचीच वाट पाहत बसले आहेत.