वापरलेल्या तेलाची साक्ष

मालवण, देवगडच्या बंदरांवरून मासळी आणि बर्फ भरून घाट चढणाऱ्या पिकअप गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. अशा गाडीचे इंजिन ऑइल तपासताना आपला मेकॅनिक काय करतो? दांडी बाहेर काढतो, तेलाचा थेंब दोन बोटांत चोळतो आणि निकाल देतो, "त्याल काळा झाला, आता बदलूक व्हया."

बोटांचा अनुभव मी कमी लेखत नाही. पण डिझेल इंजिनातले तेल काळे होणे हा काही गुन्हा नव्हे. डिझेल जळताना काजळी तयार होते. ही काजळी एका जागी साचू न देता आपल्या अंगात तरंगत ठेवणे, हे तेलात मिसळलेल्या प्रक्षालक द्रव्यांचे कामच आहे. त्यामुळे नवे तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे दिसते. काळेपणावरून तेल काम करीत आहे एवढेच कळते. इंजिनाची प्रकृती कळत नाही. त्यासाठी तेलाला प्रयोगशाळेत बोलते करावे लागते.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने १९४० च्या दशकात आपल्या डिझेल इंजिनांचे वापरलेले तेल वर्णपटमापकाने तपासायला सुरुवात केली. पुढे भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ही पद्धत रूढ झाली. तिच्यामागचे तत्त्व तुम्हांला घरीच दिसू शकते. गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाचा कण पडला, की ज्योत पिवळी होते. तो ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडियमच्या अणूंचा असतो. प्रत्येक मूलद्रव्याला असे स्वतःचे ठरावीक रंग असतात. तेलाचा नमुना काही हजार अंश तापमानाच्या ठिणगीत किंवा ज्योतीत जाळला, की त्यात विरलेले लोखंड, तांबे, शिसे आपापल्या रंगांनी हजेरी लावतात. रंगाच्या तीव्रतेवरून त्यांचे प्रमाण मोजता येते.

हे प्रमाण दर दशलक्ष भागांत सांगतात. समजा, अहवालात लोखंड ४० आले. इंजिनात ७ लिटर, म्हणजे साधारण ६ किलोग्रॅम तेल आहे. गुणाकार करा : सारे मिळून लोखंड भरते २४० मिलिग्रॅम, पाव ग्रॅमहूनही कमी! रिंगा, लायनर, क्रँक यांच्या झिजेतून आलेले एवढेसे लोखंड आपण इंजिन न खोलता मोजू शकतो. शिसे, कथिल आणि तांबे वाढले तर बेअरिंगकडे बोट जाते, ॲल्युमिनियम वाढले तर दट्ट्याकडे.

येथपर्यंत सारे सरळ आहे. पण पुष्कळ लोक असा अहवाल परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखा वाचतात. एवढ्या आकड्याच्या आत म्हणजे पास, बाहेर म्हणजे नापास! माझे स्पष्ट मत आहे, की हे वाचन चुकीचे आहे आणि त्याचा भुर्दंड गाडीच्या मालकाला पडतो.

पहिले कारण पाहा. एका गाडीच्या तेलात लोखंड ४० आहे, दुसरीच्या ३०. कोणते इंजिन जास्त झिजते? पहिलीचे तेल १०,००० किलोमीटर चालले आहे आणि दुसरीचे ५,०००, हे सांगितले तर उत्तर उलटते. दर हजार किलोमीटरला पहिलीत ४ आणि दुसरीत ६ ची भर पडली. मध्येच कोणी दोन लिटर नवे तेल ओतले असेल, तर झीज तेवढीच राहूनही आकडा खाली येतो. तेव्हा किलोमीटर आणि वरून घातलेले तेल यांची नोंद नसेल, तर अहवाल अर्धाच आहे.

दुसरे कारण आपल्या किनाऱ्याचे आहे. अहवालात सोडियम वाढलेले दिसले, की "समुद्र जवळ आहे, मीठ असायचेच" असे म्हणून विषय संपवण्याची सवय असते. पण इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्येही सोडियम किंवा पोटॅशियमची संयुगे असतात. गॅस्केट फुटून कूलंट तेलात उतरत असेल, तर पाणी उष्णतेने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. दांडीवर पाण्याचा मागमूस नसतो, आणि बेअरिंगे मात्र खराब होत असतात.

मग समुद्र की कूलंट, हे ठरवायचे कसे? समुद्राच्या पाण्यात वजनाने सोडियम हे मॅग्नेशियमच्या सुमारे ८ पट आणि पोटॅशियमच्या सुमारे २७ पट असते. हे प्रमाण जवळजवळ स्थिर असते. समजा, नव्या तेलाच्या तुलनेत सोडियम ८० ने वाढले. ते समुद्राचे असेल, तर मॅग्नेशियम १० च्या आसपास आणि पोटॅशियम ३ च्या आसपास वाढले पाहिजे. प्रत्यक्षात मॅग्नेशियम १ ने आणि पोटॅशियम ३० ने वाढले असेल, तर समुद्र निर्दोष आहे. कूलंटची गळती शोधा. मात्र नव्या तेलातही ही मूलद्रव्ये थोडीफार मुद्दाम घातलेली असतात. म्हणून न वापरलेल्या तेलाचा नमुना आधी तपासून ठेवला पाहिजे. प्रयोगात शून्य कोठे आहे ते न बघता वाचन घेऊ नये, हे तुम्हांला सूक्ष्ममापी वापरताना शिकवलेलेच असते.

तिसरे कारण आपल्या पायाखाली आहे. सिलिकॉन वाढले की हवेच्या गाळणीतून धूळ शिरली, असा संकेत आहे. पण आपल्याकडची तांबडी धूळ जांभ्याची असते. जांभ्यातील सिलिका पावसाने बरीचशी धुऊन गेलेली असते आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरलेली असतात. तेव्हा या भागात ॲल्युमिनियम वाढले की दट्ट्याच झिजला असे म्हणण्याआधी गाळणी उघडून पाहणे शहाणपणाचे. परदेशी तक्ता दुसऱ्या मातीवर बेतलेला असतो. उलट, नुकतेच गॅस्केट बदलले असेल, तर त्याच्या चिकटद्रव्यातूनही सिलिकॉन येऊ शकते.

या पद्धतीला एक आंधळा कोपराही आहे. वर्णपटमापकाला साधारण ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. बेअरिंगचे मोठे कपचे उडत असतील तरी अहवाल शांत राहू शकतो. म्हणून काढलेली तेलगाळणी कापून पाहणे अजूनही आवश्यक आहे. येथे मेकॅनिकची बोटे आणि डोळे यांना पर्याय नाही.

कोणी विचारील, एका पिकअपसाठी एवढा खटाटोप परवडतो का? केवळ सात लिटर तेल वाचवायचे असेल, तर नाही परवडणार. पण तपासणी तेलाची असली, तरी प्रकृती इंजिनाची कळते. विशेषतः मच्छीमार नौकेचे इंजिन भर समुद्रात बंद पडले, तर तेथे ढकलायला कोणी नसते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि तेव्हाच इंजिने खोलली जातात. माझी सूचना अशी : मे महिन्याच्या अखेरीस, इंजिन गरम असतानाच नमुने काढावेत, कारण उभ्या इंजिनात कण तळाशी बसतात. मच्छीमार संस्थांनी ते एकत्र पाठवावेत. कोणते इंजिन खोलायचे आणि कोणते नाही, हे मग अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. नववी-दहावीच्या वर्गात असा एखादा अहवाल आणून त्याचा आलेख काढून घ्या. आडव्या अक्षावर किलोमीटर, उभ्या अक्षावर लोखंड. एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा काढता येतात. चार बिंदू हाती आले, की रेषेला दिशा मिळते. २२ चे २५ झाले, तर तो मापनातला चढउतार असू शकतो. पण सारख्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांत २२ चे ४५ आणि ४५ चे ९० झाले, तर थांबून पाहिलेच पाहिजे. हे ज्याला कळले, त्याला रक्ततपासणीचा कागदही अधिक समजुतीने वाचता येईल.

आणि काढलेले तेल? ते खाडीत ओतू नका. १९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. त्या तेलातले शिसे आणि तांबे आपण नुकतेच मोजले. ते कोणाच्या पोटात जाईल याचा हिशोब तुम्हीच मांडा.