तुटलेल्या धाग्याचा भुर्दंड

इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते; धागा तुटून माग थांबला, की भुर्दंड त्यालाच. वस्तुतः दोष बहुधा आधीच्या प्रक्रियेतला असतो: ताण्याला खळ कमी-अधिक बसलेली, सूत फाजील वाळून ठिसूळ झालेले, किंवा गाठ फणीत अडकलेली. गाठीऐवजी हवेच्या झोताने धागे सांधणारी, खळीचे प्रमाण नि ताण राखणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. त्यांना विरोध करणे हा निव्वळ अडाणीपणा होय. परंतु धागे कमी तुटू लागताच मालक चारांऐवजी आठ माग एकाच कामगाराच्या माथी मारणार असेल, तर सुधारणा कोणाची झाली? यंत्र बसविण्यापूर्वीच मागांची संख्या व मजुरीचा दर यांचा लेखी करार संघटनेने करून घेतला पाहिजे. वाइंडिंग करणाऱ्या स्त्रियांच्या पर्यायी कामासह.