घरचे गणित: पुस्तक निवडण्यापूर्वी

कर्जत, नेरळ, खोपोली या पट्ट्यातील ज्या घरांनी मुलांना काही वर्षे घरीच शिकविण्याचे ठरविले आहे, किंवा तसा विचार चालविला आहे, त्यांच्यापुढे भाषा आणि इतिहास-भूगोलाचा प्रश्न फारसा बिकट नसतो. घरात वाचन असते, वडीलधारी माणसे असतात, प्रवासही घडतो. अडते ते गणितापाशी. व्यापारी घर म्हटले की हिशेब तिथे उपजतच असणार, असे लोक गृहीत धरतात. परंतु दिवसभर गल्ल्यावर बसून तोंडी बेरजा करणाऱ्या पित्याला रात्री नऊ वाजता दुकान वाढवून घरी आल्यावर मुलीला अपूर्णांकांचा भागाकार समजावून सांगता येईलच, असे नाही. मग शोध सुरू होतो तो तयार अभ्यासक्रमाचा.

अभ्यासक्रम विकणाऱ्यांची माहितीपत्रके पालकांना बहुधा आधी एकच प्रश्न विचारतात: आपले मूल पाहून शिकणारे आहे, ऐकून शिकणारे आहे, की हाताने करून शिकणारे? दहा-बारा खुणा करावयाच्या, उत्तर निघते, आणि त्या उत्तराला साजेसा संच पुढे केला जातो. पालकांना हे पटते, कारण दोन भावंडे एकसारखी नसतात हे प्रत्येक आईला ठाऊक असते. तथापि या वर्गवारीचा पाया कच्चा आहे. २००८ साली हॅरॉल्ड पॅश्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तीन सहकाऱ्यांसह या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. मुलाच्या तथाकथित शैलीशी जुळणारी पद्धत वापरल्याने शिकणे सुधारते, असे दाखविणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांत फरक असतात, मोठे असतात. पण ते डोळे, कान आणि हात यांच्या वाटणीत बसत नाहीत. एका मुलाला स्थानमूल्य कळलेले नसते, दुसऱ्याला कळलेले असते पण पाढे येत नाहीत, तिसऱ्याला उदाहरणाची भाषाच समजत नाही. पुस्तक निवडताना पाहावयाचे असते ते हे.

कर्जतच्या पालकांना यासाठी दूर जावयास नको. पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत स्थानकावर मागून जादा इंजिने जोडली जातात, हे येथील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. का जोडतात? भोर घाटातील लोहमार्गाचा चढ ३७ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. शेजारच्या नेरळहून १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी काही ठिकाणी २०ला १ असा चढ चढते. आता मुलाला विचारावे की यांपैकी अधिक तीव्र चढ कोणता? बरीच मुले भोर घाट म्हणतात, कारण ३७ ही संख्या २० पेक्षा मोठी. हीच मुले पुढे १/३७ हा अपूर्णांक १/२० पेक्षा मोठा आहे असे लिहितात, आणि त्यांच्या वहीत तांबडी फुली पडते. चूक एकच आहे. ती घाटात दिसते आणि वहीतही दिसते.

ही चूक ‘पाहून शिकणाऱ्या’ मुलाची वेगळी आणि ‘ऐकून शिकणाऱ्या’ची वेगळी अशी नसते. तिच्यावरील उपायही सर्वांना एकच लागतो, फक्त तो टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो. दुकानातील मोजपट्टी घेऊन फरशीवर २०० सेंटिमीटर अंतर मोजावे, एका टोकाशी १० सेंटिमीटर उंचीचा ठोकळा ठेवावा आणि जमिनीवरील दुसऱ्या टोकापासून ठोकळ्याच्या माथ्यापर्यंत दोरी ताणावी. नंतर तोच ठोकळा ३७० सेंटिमीटर अंतरावर ठेवून तसेच करावे. कोणती दोरी अधिक उभी आहे ते मूल स्वतःच सांगते. दुसऱ्या दिवशी त्याच दोन दोऱ्या कागदावर काढावयास लावाव्यात. तिसऱ्या दिवशी केवळ अंक द्यावेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ साली मांडलेला क्रम साधारण असाच आहे: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. सिंगापूरच्या शाळांनी १९८०च्या दशकापासून आपले प्राथमिक गणित याच क्रमावर उभे केले. हात, डोळा आणि अंक हे मुलांचे तीन प्रकार मानण्यापेक्षा एकाच मुलाच्या वाटेवरील तीन मुक्काम मानणे अधिक उपयोगाचे ठरते. ज्या पुस्तकात यांपैकी एखादा मुक्काम गाळलेला असेल तो घरी भरून काढावा लागेल, एवढे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

आपल्या घरांपुढे आणखी एक अडचण असते आणि तिची दखल बाहेरचा कोणताही संच घेत नाही. अनेक घरांत आजी-आजोबा गुजराती किंवा मारवाडी बोलतात, बाजारात मराठी चालते, आणि पुस्तक इंग्रजी असते. ८९ हीच संख्या घ्यावी. मराठीत ती एकोणनव्वद, म्हणजे नव्वदाला एक कमी. गुजरातीत ती नेव्यासी. तिथे ऐंशीवर नऊ मोजले जातात. इंग्रजीत ऐंशी आधी आणि नऊ नंतर. मराठी मूल ‘बावीस’ म्हणताना आधी दोन ऐकते आणि नंतर वीस. लिहिताना मात्र दशकाचा अंक आधी लिहावा लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलाने ४२ च्या जागी २४ लिहिले तर त्याला गणितात गती नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याच्या कानावर कोणकोणत्या भाषांतील संख्या पडतात ते पाहावे.

बालभारतीने हा प्रश्न हाती घेतला होता. २०१९च्या जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस एक, वीस दोन’ या संख्यावाचनावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला, विधानसभेतही त्यावर बोलले गेले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की जोडाक्षरयुक्त आणि उलट्या क्रमाची संख्यानामे लहान मुलांना जड जातात. रूढ नावे पुस्तकातून काढलेलीही नव्हती; दोन्ही वाचने दिली होती. पुष्कळांनी पुस्तक न उघडताच टीका केली. घरी शिकविणाऱ्या मातेला मात्र या सोयीचा लाभ निःसंकोच घेता येतो. सहा महिने ‘ऐंशी नऊ’ म्हणू द्यावे, सोबत एकोणनव्वद आणि नेव्यासीही कानावर पडू द्यावे. मूल बाजारात गेले की रूढ नाव उचलतेच. जोडीला शंभर मण्यांची माळ करावी. दहा तांबडे, दहा पांढरे या क्रमाने ओवलेली. दिल्लीच्या जोडो ज्ञान या संस्थेने अशी ‘गणितमाला’ शाळांतून रुळविली आहे. एकोणनव्वदावा मणी शोधताना नव्वदाच्या खुणेपासून एक मागे यावे की ऐंशीच्या खुणेपासून नऊ पुढे जावे, हे मूल आपले आपण ठरविते, आणि दोन्ही भाषांचा अर्थ त्याला त्याच माळेवर सापडतो.

दुकानातील गणिताविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, मुलाला चार वर्षे गल्ल्यावर बसवा, सारे येईल. कोणी म्हणतो, ते गणितच नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे आणि खाऊ विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्याच मुलांनी विक्री करताना ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणे म्हणून दिल्यावर ७४ टक्के, आणि नुसत्या अंकांत मांडल्यावर ३७ टक्के. म्हणजे गणित त्यांच्याजवळ होते, ते कागदावर उतरत नव्हते. आपल्या घरांतील वृद्धांना आजही पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी पाठ असतात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने आली, आणि हे अपूर्णांकांचे पाढे शाळांतून मागे पडत गेले. तिसरी-चौथीच्या मुलाला अर्धा, पाव, पाऊण ही नावे आजोबांकडून तोंडी मिळाली तर कोणत्याही महागड्या संचाने न होणारे काम होते.

परंतु गल्ल्याची मर्यादाही तिथेच दिसते. एका वस्तूची १८ टक्के करासह किंमत ११८० रुपये आहे. मूळ किंमत किती? मोठी मुलेच काय, मोठी माणसेही ११८० चे १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैसे सांगतात. उत्तर १००० आहे. हल्ली हे काम संगणक करतो, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही. ती समजण्यासाठी अज्ञात राशी मांडता यावी लागते, आणि ती गल्ल्यावर शिकता येत नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. १९६३ साली सोलापूरहून तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला आहे. त्यात व्याजाची आणि मिश्रणाची व्यापारी उदाहरणे विपुल आहेत. पण अपूर्णांकांचे प्रकरण, कलासवर्ण, हे त्रैराशिकाच्या आधी येते, आणि व्याज त्यानंतर. आजच्या कित्येक घरांत हा क्रम उलटतो: टक्केवारी आधी, अपूर्णांक जमले तर.

आता प्रत्यक्ष पुस्तकांविषयी. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत. पुढे राज्य मंडळाची दहावी द्यावयाची असेल तर कणा म्हणून तीच बरी. सरावाची उदाहरणे मात्र कमी पडतात. एनसीईआरटीची सहावीची ‘गणित प्रकाश’ ही २०२४ची नवी पुस्तकमाला विचार करावयास लावते. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा अंक त्यात आलेला पाहून मराठी वाचकाला आनंद होईल. पण ही पुस्तके सोबत बसणारे माणूस मागतात. सिंगापूरच्या पद्धतीची पुस्तके शाब्दिक उदाहरणे पट्ट्यांच्या आकृतीने सोडविण्यात उत्तम आहेत; किंमत जास्त, आणि उदाहरणांतली दुनिया परकी. ओसाकातील तोरु कुमोन या गणितशिक्षकाने १९५४ साली स्वतःच्या मुलासाठी रोजची पाने लिहून काढली, त्यातून जगभर पसरलेली सरावपद्धती झाली. ज्या मुलाला समजले आहे पण हात बसलेला नाही, त्याला ती लाभते. ज्याला समजलेलेच नाही त्याला ती चूक पक्की करून देण्याचाही धोका आहे.

अॅबॅकसचे वर्ग आणि झटपट गुणाकाराच्या युक्त्या आपल्या समाजात फार लोकप्रिय आहेत. वेग येतो, बक्षिसे मिळतात, पाहुण्यांपुढे करून दाखविता येते. हे खुशाल करावे. त्याला अभ्यासक्रम मात्र समजू नये. त्यात भूमिती नाही, अज्ञात राशी नाही, आणि घाटाचा चढ नाही.

निवडीत एक गोष्ट सर्रास विसरली जाते. बहुतेक घरांत शिकविणार असते ती आई किंवा काकू, दुपारच्या स्वयंपाकानंतरच्या दीड तासात. जे पुस्तक तिला स्वतःला वाचून समजते, ज्यात शिकविणाऱ्यासाठी सूचना आहेत, तेच टिकते. ज्या संचासाठी तिला रोज तासभर आधी तयारी करावी लागते तो पर्युषणापर्यंत कपाटात जातो. विकत घेण्यापूर्वी एक प्रकरण मागवून आठवडाभर शिकवून पाहावे. एकदा निवडल्यावर वर्षभर बदलू नये; दर चार महिन्यांनी संच बदलणाऱ्या घरांतील मूल प्रत्येक पुस्तकाची पहिली तीन प्रकरणेच पुन्हा पुन्हा करीत राहते.

शेवटी परीक्षेचे दार, ज्याचा विचार खरे तर आधी व्हावयास हवा. राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून तो जपून ठेवावा. तिथे गणिताच्या बीजगणित आणि भूमिती अशा दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी वर्षातून दोनदा देता येते, आणि तिथे पाच विषय निवडताना गणित वगळताही येते. ही सवलत फार मोहक आहे. मूल रडते, घरात रोज वाद होतो, आणि कोणीतरी सुचविते की हा विषयच सोडून द्यावा. परंतु ज्या घरांत मुलीला किंवा मुलाला सनदी लेखापाल करावयाचे स्वप्न आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की सीएच्या फाउंडेशन परीक्षेची तिसरी प्रश्नपत्रिका व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचीच असते, आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. चौदाव्या वर्षी टाळलेले अपूर्णांक अठराव्या वर्षी घड्याळ लावून सोडवावे लागतात. गणित वगळण्याचा विचार असेलच तर त्याआधी मुलाला सहावीच्या पुस्तकापर्यंत मागे नेऊन, वयाची लाज न बाळगता, सहा महिने अपूर्णांकच करून पाहावेत. अर्ज भरण्याची मुदत त्यानंतरही येते.