एकांताची वाट कुणी पाडली?

गेल्या डिसेंबरात आमच्यापैकी दोघांनी मँचेस्टरच्या एका पदभ्रमण मंडळाबरोबर किंडर स्काउटच्या पठारावर शनिवार-रविवार घालवला. परतल्यावर विभागात चहाच्या वेळी तो वृत्तान्त निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अभिप्राय दिला : 'वीस माणसांचा तांडा घेऊन मूर दिसत नसतो. तिथे एकट्यानेच जायचे असते. तुम्ही सहल केलीत, अनुभव घेतला नाहीत.' उपस्थितांनी माना डोलावल्या. प्रस्तुत लेख त्या डोललेल्या मानांना उद्देशून आहे.

निसर्ग एकट्यालाच भेटतो, समूहाला केवळ प्रेक्षणीय स्थळ दिसते, हे गृहीतक आमच्या समीक्षेत इतके मुरले आहे की ते गृहीतक आहे याचेही भान उरलेले नाही. 'एकाकी', 'निर्जन', 'आत्ममग्न' ही विशेषणे कवितेच्या उत्तरपत्रिकेत आली की आमचा लाल पेन आपोआप गुण देतो. ज्या इंग्रजी स्वच्छंदतावादाकडून हा संस्कार आपण उचलला, त्याची तरी कथा काय आहे? वर्डस्वर्थच्या डॅफोडिलच्या कवितेत कवी एकटा भटकतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी ती फुले पाहताना बहीण डोरोथी त्याच्यासोबत होती आणि तिने त्या दिवसाची नोंद रोजनिशीत केली आहे. कवितेतून बहीण वगळण्याचा कवीला अधिकार आहे. तिला वगळले गेले हे न सांगता कविता शिकवण्याचा अधिकार मात्र आम्हां शिक्षकांना नाही.

आता मूरविषयी. 'माळरान' हा आपला नेहमीचा प्रतिशब्द येथे फसवा ठरतो. किंडरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६३६ मीटर उंचीवर आहे आणि पायाखाली असते ते पीट, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचे काळे, ओले थर. पाण्याने त्यांत पुरुषभर खोल घळी कोरल्या आहेत. एका घळीतून वर यावे तो दुसरी समोर, आणि धुके उतरले की सर्व घळी सारख्याच. दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. अशा जागी मंडळाची शिस्त ही कवायत नसते. पुढे वाट काढणारा एक, सर्वांत मागे राहणारा एक, ठरावीक वेळाने शिरगणती, आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल हीच सर्वांची चाल. आमच्यातील एकाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला तेव्हा त्याला दोन अनोळखी हातांनी ओढून काढले. त्या क्षणी निसर्गानुभव अपुरा वाटला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

आणि हे 'निर्जन' तरी कुणी केले? एकेकाळी या भागात बरेच रान होते. माणसाने झाडे तोडली, जाळली, गुरेमेंढ्या चारल्या. हवामान ओले होत गेले, पीट साचत गेले. औद्योगिक शहरांच्या धुराने पुढे तिथले शेवाळ मारले आणि उघडे पडलेले पीट धुपू लागले. त्या काळ्या चिखलावर आम्हांला पांढराशुभ्र पहाडी ससा दिसला. त्याच्याकडे पाहून कोणाचीही लेखणी सरसावेल. पण हा ससादेखील एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या शौकासाठी तिथे आणून सोडलेला आहे. ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी याच माळांवर सामान्य माणसाला मज्जाव होता. निर्जनता ही तेथील निसर्गाची देणगी नव्हे, ती राखणदार नेमून टिकवलेली मालमत्ता होती.

तो मज्जाव कोणा एकाकी कवीने मोडला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो कामगार तरुण हेफिल्डहून किंडरवर जाणूनबुजून चढले. शेफिल्डकडचे लोक दुसऱ्या बाजूने आले. वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांचा एक म्होरक्या होता. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा, १९५१ चे पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले उद्यान आणि २००० चा मुक्तसंचाराचा कायदा या सर्वांमागे ती चढाई आणि तिच्या आधीनंतरची दीर्घ चळवळ आहे. आज तिथे एकटा बसून चिंतन करणारा पथिक ज्या वाटेने येतो, ती वाट तांड्याने पाडलेली आहे.

समूह म्हणजे आपोआप पुण्य, असे आमचे म्हणणे नाही. १९३२ च्या चढाईला त्या काळच्या प्रतिष्ठित पदभ्रमण संघटनांनीच विरोध केला होता. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात वारीचे प्रेमाने चित्रण केले, पण एकाच दिंडीत जातवार वेगळ्या पडणाऱ्या पंगतीही दाखवल्या. सोबत चालणे पुरेसे नसते. कोण सोबत आहे, कोणाला वगळले आहे, हे विचारावे लागते. मात्र एकटे चालण्याच्या गौरवात हा प्रश्नच उद्भवत नाही, ही आमची खरी तक्रार आहे. ज्या भाषेतील चालण्याचे साहित्य दिंडीने घडवले, त्या भाषेच्या प्राध्यापकांनी 'तांडा' हा शब्द तुच्छतेने उच्चारावा, याला काय म्हणावे?

हा प्रश्न इतिहासजमाही झालेला नाही. डार्टमूरवर रात्री तंबू ठोकण्याचा हक्क एका जमीनमालकाच्या दाव्यावरून जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने नाकारला. अपील न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये परत दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कायम केला. सहा महिने त्या माळावर मालकाच्या परवानगीविना झोपणे बेकायदा होते. त्या सहा महिन्यांत चालणारे शेकडोंनी माळावर जमले, म्हणून तो प्रश्न साऱ्या देशाचा झाला.

तेव्हा यापुढे वर्गात 'निर्जन' हा शब्द आला की विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : येथून जन कुठे गेले, आणि त्यांना कोणी घालवले? उत्तर शोधायला एकट्याने निघाले तरी चालेल. वाटेत माणसे भेटतीलच.